आभाळाचा निरोप

वैशाख सरत आलेला असतो. कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात उंच इमारती मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसू लागतात. ओढे आटलेले असतात. गवत करपून पिवळे पडलेले असते. शेणखत, पालापाचोळा व वाळलेले गवत पसरून भाजलेल्या राबाचे काळे चौकोन मात्र ठिकठिकाणी उठून दिसतात. बांधावर उभा राहून शेतकरी पश्चिमेकडील क्षितिज न्याहाळत असतो. त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो : आज बी पेरावे, की आणखी चार दिवस थांबावे?

प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु त्यावर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांत भात हे मुख्य पीक आहे आणि बहुसंख्य शेतकऱ्यांची जमीन थोडी आहे. पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर कोवळी रोपे उन्हात जळून जातात. मग दुसऱ्यांदा बियाणे आणावे लागते आणि त्यासाठी कर्ज काढावे लागते. उलट, भीतीने पेरणी लांबवली, तर रोपे वेळेवर तयार होत नाहीत. लावणी मागे पडते आणि पीक उतरते. मोठ्या जमीनदाराला एक चूक सोसवते. दीड-दोन एकरांच्या धन्याला ती सोसवत नाही. म्हणूनच पावसाची वार्ता आगाऊ कळणे हे त्याच्यासाठी केवळ कुतूहल नव्हे. ती त्याची गरज आहे.

ही गरज फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्यकोठारासमोर पाऊस मोजण्याचे पात्र ठेवण्याचा उल्लेख आढळतो. आपल्याकडील शेतकऱ्यांनी तर आभाळालाच पंचांग मानले. रोहिणीत राब तयार ठेवावा, मृगाकडे डोळे लावून बसावे, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी करावी, हस्त-चित्रात पीक सांभाळावे, असा त्यांचा वर्षाचा क्रम ठरलेला असे. मुंग्यांची लगबग, वाऱ्याने बदललेली दिशा, चंद्राभोवती पडलेले खळे या खुणांवरून घरातील वडीलधारी माणसे पावसाचे अनुमान बांधीत. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेली वचने खेडोपाडी तोंडपाठ असत. यांपैकी काही खुणांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे बारीक निरीक्षण होते. तथापि, त्या खुणा फार तर आजचे व उद्याचे सांगू शकत. अरबी समुद्रात शेकडो कोसांवर काय घडत आहे, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दिसणे शक्य नव्हते.

दूरचे पाहण्यासाठी दूरदूर माणसे व यंत्रे ठेवावी लागतात आणि त्यांच्या नोंदी एके ठिकाणी आणाव्या लागतात. मुंबईत कुलाबा येथे १८२६ साली वेधशाळा उभी राहिली. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. पुढे १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. या संकटांतून बोध घेऊन १८७५ साली भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज १८८६ साली प्रसिद्ध करण्यात आला. १९२८ साली या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील त्या इमारतीला लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखतात.

येथेच १९३२ साली कृषिहवामानशास्त्राची शाखा सुरू झाली. तिची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांनी वाहिली. वेधशाळेतील तापमापक माणसाच्या उंचीएवढ्या पेटीत असतो. पण पीक तर जमिनीलगत वाढते. तेथील हवा वेगळी असते काय, हा साधा प्रश्न रामदासांनी विचारला आणि जमिनीलगतच्या हवेचे तापमान बारकाईने मोजले. निरभ्र व शांत रात्री सर्वांत थंड हवा प्रत्यक्ष जमिनीवर नसून तिच्यापासून थोडीशी वर असते, असे त्यांना आढळून आले. शेतकऱ्याचे हवामान हे शहरातील माणसाच्या हवामानाहून निराळे आहे, ही गोष्ट अशा संशोधनामुळे स्पष्ट झाली.

पुढचा प्रश्न, हे ज्ञान शेतापर्यंत पोचवायचे कसे, हा होता. १९४५ साली आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाली. १९७६ साली हवामान विभागाने राज्य सरकारांच्या साहाय्याने कृषी हवामान सल्ला देण्यास प्रारंभ केला. २००८ सालापासून हा सल्ला जिल्हावार मिळू लागला. २०१३ साली ‘एम-किसान’ या योजनेद्वारे शेतकऱ्यांच्या मोबाइलवर लघुसंदेश येऊ लागले. २०१९ साली ‘मेघदूत’ नावाचे मोबाइल अॅप निघाले. कालिदासाच्या काव्यातील यक्षाने मेघाच्या हाती निरोप धाडला होता. येथे मेघांचाच निरोप माणसाच्या हाती येतो, म्हणून हे नाव शोभून दिसते. हा निरोप मराठीतही वाचता येतो. २४ ऑक्टोबर २०२४ पासून तर ग्रामपंचायतीच्या पातळीवरही पुढील पाच दिवसांचा अंदाज देण्यास सुरुवात झाली आहे.

हा निरोप तयार कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. अवकाशात इन्सॅट मालिकेतील उपग्रह ढगांची छायाचित्रे घेत असतात. समुद्रकाठची रडार यंत्रे पावसाच्या ढगांवर लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून ढग कोठे आहेत व कोणीकडे चालले आहेत, हे ओळखतात. वेधशाळा फुग्यांना उपकरणे बांधून ते उंच आकाशात सोडतात. जमिनीवर स्वयंचलित हवामान केंद्रे असतात. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांची नोंद ती आपण होऊन करतात व पाठवून देतात. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळ हा घटक धरून अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभारण्यात आली आहेत.

या साऱ्या नोंदी महासंगणकात एकत्र येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ पासून ‘अर्का’ नावाचा असा महासंगणक काम करीत आहे. तो देशाच्या नकाशावर चौकटींचे जाळे टाकतो व प्रत्येक चौकटीत पुढे काय घडेल, याचे गणित करतो. पूर्वी या जाळ्याची एक चौकट १२ किलोमीटरची, म्हणजे सुमारे ठाणे ते डोंबिवली एवढी होती. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या नव्या पद्धतीत ती ६ किलोमीटरची झाली आहे. कल्याण आणि डोंबिवली या दोन स्थानकांमधील अंतरापेक्षा किंचित मोठी, एवढेच.

चौकट लहान करण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर २६ जुलै २००५ या दिवसाने दिले आहे. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तेथून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कुलाब्यास मात्र अवघ्या ७३ मिलिमीटरची नोंद झाली. एकाच शहराच्या एका भागात प्रलय आणि दुसऱ्या भागात नेहमीचा पावसाळी दिवस! त्याच पावसात उल्हास नदीला महापूर येऊन बदलापूर व कल्याण परिसरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. चौदा वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी, बदलापूर-वांगणी दरम्यान याच नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीतील हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून सुखरूप बाहेर काढावे लागले. ज्या प्रदेशात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आहे, तेथे बाष्पाने भरलेले वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. म्हणून ठाण्याच्या खाडीकाठी जेवढा पाऊस पडेल, तेवढाच माळशेज घाटाच्या पायथ्याशी पडेल, असे कधीच मानता येत नाही.

परंतु केवळ अंदाज म्हणजे सल्ला नव्हे. “उद्या ८० मिलिमीटर पाऊस पडेल,” एवढे कळल्याने शेतकऱ्याचे काम भागत नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर १ लीटर पाणी. एक एकर जमीन सुमारे ४,०४७ चौरस मीटरची असते. म्हणजे ८० मिलिमीटर पावसात एका एकरावर सव्वातीन लाख लीटर पाणी पडते. त्या दिवशी सकाळी जर खाचरात युरिया टाकला असेल, तर तो विरघळून बांधावरून वाहून जाईल. पैसा जाईल आणि ओढ्याचे पाणीही बिघडेल. औषध फवारले असेल, तर तेही धुऊन निघेल. म्हणून अंदाजाला पिकाच्या ज्ञानाची जोड द्यावी लागते. हे काम कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञ करतात. कोकणासाठी दापोली येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. ते १९७२ साली स्थापन झाले. भातावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले कर्जत येथील केंद्रही याच विद्यापीठाचे आहे. हवामान विभागाचा अंदाज हाती घेऊन, शेतात त्या वेळी पीक कोणत्या अवस्थेत आहे याचा विचार करून, दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांचा सल्ला दिला जातो.

पिकाच्या प्रत्येक अवस्थेत त्याचा उपयोग निराळा असतो. रोपे तयार होत असताना पेरणी केव्हा करावी, वाफ्यात साचलेले पाणी केव्हा काढून द्यावे, हे सांगावे लागते. लावणीच्या वेळी चिखलणीपुरते पाणी खाचरात साठेल की नाही, ते कळावे लागते. श्रावणात पीक हिरवेगार होते. ढगाळ व दमट हवा बरेच दिवस टिकली, तर करपा रोगाची भीती असते. दाट वाढलेल्या पिकात तपकिरी तुडतुडे बुंध्याशी जमू लागतात. अशा वेळी पीक वरवर न पाहता चुडाच्या बुंध्याशी वाकून पाहा, असा इशारा सल्ल्यात असतो. आश्विनात पीक कापणीला येते, आणि मग सर्वांत कठीण निर्णयाचे दिवस सुरू होतात.

कापलेले भात लगेच घरात आणता येत नाही. ते एक-दोन दिवस खाचरातच वाळावे लागते. मग भारे बांधून खळ्यावर नेतात. या अवधीत पाऊस आला, तर आडवे पडलेले भात भिजते, दाण्यांना कोंब फुटतात आणि पेंढाही कुजतो. २०१९ साली ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात एकापाठोपाठ ‘क्यार’ आणि ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे उठली. पाऊस परतीच्या वाटेवर आहे असे वाटत असतानाच तो पुन्हा कोसळला आणि कोकणात कापणीला आलेल्या भाताची मोठी हानी झाली. चार महिन्यांची मेहनत दोन संध्याकाळीत मातीमोल होते, ती अशी.

अशा दिवसांत भातशेतकऱ्याच्या एखाद्या घरात घडणारा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहा. सकाळी लख्ख ऊन पडले आहे. आजोबा विळ्याला धार लावून निघाले आहेत. सातवीत शिकणारी नात आईचा मोबाइल हातात घेऊन अंगणात येते.

“आजोबा, मंगळवारचा सल्ला आला आहे. पुढचे तीन दिवस तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस पडेल, कापणी पुढे ढकलावी, असे लिहिले आहे.”

आजोबा आभाळाकडे पाहतात. “आभाळ तर धुतल्यासारखे आहे गं. तुरळक म्हणजे किती?”

“आमच्या बाईंनी सांगितले आहे. जिल्ह्यात शंभर ठिकाणी पाऊस मोजला, तर पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पडेल, त्याला तुरळक म्हणायचे.”

“म्हणजे आपल्यावर पडेलही आणि न पडेलही!” आजोबा क्षणभर विचार करतात. “ओढ्यापलीकडचे हळवे भात पिकून दाणे गळू लागले आहेत. ते काही थांबायचे नाही. तेवढेच आज कापू आणि संध्याकाळच्या आत पडवीत आणून पसरू. खालच्या मोठ्या खाचरातले गरवे मात्र उभे राहू दे. उभे पीक एक सर सोसते. कापलेले सोसत नाही.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गावी गडगडाटासह पाऊस होतो. आजोबांच्या शेतावर मात्र चार थेंब शिंपडून ढग निघून जातो. मग सल्ला खोटा ठरला काय? मुळीच नाही. सल्ल्याने ‘पडेलच’ असे म्हटले नव्हते. ‘तुरळक ठिकाणी’ पडेल असे म्हटले होते, आणि तसा तो पडला. गरवे भात तीन दिवस उशिरा कापले, यात आजोबांचे फारसे बिघडले नाही. कापून ठेवले असते आणि तो ढग थोडा अलीकडे वळला असता, तर मात्र वर्षाचा दाणागोटा गेला असता. थोडी हानी पत्करून मोठी हानी टाळणे, हाच अंदाजाचा खरा उपयोग आहे. आणि पाहा, कोणते भात थांबू शकते व कोणते नाही, हे मोबाइलने सांगितले नव्हते. ते आजोबांना आपल्या खाचरांच्या ओळखीतून कळले होते. यंत्राचे ज्ञान आणि बांधावरचे ज्ञान ही एकमेकांची वैरी नाहीत. एकाला दूरचे दिसते, दुसऱ्याला जवळचे.

म्हणूनच सल्ल्यातील शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. हवामान विभागाच्या भाषेत प्रत्येक शब्दाला ठरलेले माप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तो ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला, तर ‘अति जोरदार’. आणि त्याहूनही अधिक झाला, तर ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. इशाऱ्यांनाही रंग आहेत. हिरवा रंग चिंता नसल्याचा. पिवळा सांगतो, लक्ष ठेवा. नारिंगी सांगतो, सज्ज राहा. आणि लाल सांगतो, आता कृती करा.

विजांच्या बाबतीत तर काही मिनिटांचेही मोल फार असते. परतीच्या पावसात दुपारनंतर आभाळ अचानक भरून येते आणि शेतात राबणारी माणसे झाडाखाली धाव घेतात. हीच चूक प्राणघातक ठरते. कारण उंच व एकाकी झाडावर वीज पडण्याचा संभव अधिक असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने यासाठी ‘दामिनी’ नावाचे अॅप तयार केले आहे. आपण असू त्या ठिकाणापासून २० व ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडू लागल्या, की ते इशारा देते. इशारा मिळताच पक्क्या घराचा आसरा घ्यावा. तलाव, विजेचे खांब व धातूच्या वस्तू यांपासून दूर राहावे.

पूर्वी कधी न पाहिलेल्या गोष्टी आता घडू लागल्या आहेत; त्यामुळे या सेवेची आवश्यकता अधिकच वाढली आहे. मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. एवढ्या लवकर आल्याची नोंद त्यापूर्वीच्या पाऊणशे वर्षांत नव्हती. ज्यांची नांगरणी व राबाची कामे उरकायची होती, त्यांची तारांबळ उडाली. मृग अजून लागलाही नव्हता! आणि इतक्या घाईने आलेला हा पाऊस देशात पुढे सरकताना जवळजवळ तीन आठवडे अडून राहिला. त्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काढलेले मोसमी पावसाच्या आगमनाचे अंदाज देशातील १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना लघुसंदेशाने पाठवण्यात आले होते. पाऊस मध्येच थांबेल, ही गोष्टही त्यांत कळवण्यात आली होती. तापत चाललेल्या पृथ्वीवर जुन्या नक्षत्रांचे वेळापत्रक पूर्वीसारखे भरवशाचे राहत नाही. नक्षत्रे आपल्या वेळेवर येतात; पाऊसच आपली वेळ चुकवतो.

असे असले, तरी या सेवेच्या वाटेत काही अडथळे उरलेच आहेत. निरोप निघाला म्हणजे तो पोचलाच, असे नाही. सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या कातकरी किंवा ठाकूर पाड्यावर मोबाइलला संदेशवहनाची लहर मिळत नाही. घरात मोबाइल एकच असतो आणि तो कामासाठी कल्याणला जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो. लावणी करणारी आई मात्र खाचरात असते. कित्येकांना अक्षरे वाचता येत नाहीत. ज्यांना येतात, त्यांना ‘तुरळक’ आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ यांतील भेद ठाऊक नसतो. शिवाय, सल्ला मिळाला तरी तो पाळण्याची ऐपत हवी. ‘भात सुरक्षित जागी हलवा,’ असे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्याकडे पडवी नाही, की ताडपत्री नाही, त्याने ते कोठे हलवावे? ज्याला अंदाजाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच हाती तो सर्वांत शेवटी पडावा, ही या ज्ञानयुगातील उणीव आहे. ती भरून काढणे हे केवळ यंत्राचे काम नव्हे. ते माणसांचे काम आहे.

आणि येथे शाळेतील मुलामुलींना मोठे काम करता येण्यासारखे आहे. मंगळवारी व शुक्रवारी आलेला सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिता येतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो वाचून दाखवता येतो. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजता येतो. आपल्या गावचा पाऊस आणि सल्ल्यातील पाऊस यांची तुलना वर्षभर केली, की अंदाज कधी जुळतो व कधी चुकतो, हे सर्वांना कळू लागते. चुका दडवून विश्वास वाढत नाही. त्या मोजल्याने वाढतो.

डोंबिवलीच्या इमारतीत राहणाऱ्या मुलालाही हा विषय परका वाटू नये. सकाळी जी भेंडी आणि जो पाला त्याच्या घरी येतो, त्यातला काही भाग मुरबाड-शहापूरच्या मळ्यांतून कल्याणच्या बाजारात आलेला असतो. शहरात पाऊस म्हणजे उशिरा धावणारी लोकलगाडी. शेतात पाऊस म्हणजे घरातील कणगी. ढग एकच, पण त्याचा निरोप दोघांसाठी निराळा असतो. त्या निरोपाचा अर्थ ज्याला लावता येतो, त्याने तो इतरांपर्यंत पोचवावा. विद्येचा याहून चांगला उपयोग कोणता?

शब्दार्थ

राब – भाताची रोपे तयार करण्यासाठी भाजलेली जमीन. खाचर – बांध घातलेले भाताचे शेत. हळवे भात – लवकर पिकणारे भात. गरवे भात – उशिरा पिकणारे भात. चूड – एकत्र लावलेल्या भाताच्या रोपांचा झुबका. कणगी – धान्य साठवण्याचे बांबूचे मोठे पात्र. ओढ देणे – (पावसाने) लांबणे. मातीमोल होणे – पूर्णपणे वाया जाणे.

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुण्यातील इमारतीला ‘सिमला ऑफिस’ हे नाव का पडले?
(आ) ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ काय?
(इ) कापलेले भात लगेच घरात का आणता येत नाही?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हवामानाचा अंदाज आणि हवामानाचा सल्ला यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) आजोबांनी सल्ला मानला, की मोडला? तुमचे मत कारणांसह लिहा.
(इ) सल्ला पोचूनही काही शेतकऱ्यांना त्याचा उपयोग का करता येत नाही?

३. गणित करा. तुमच्या गावी एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला. एका एकर शेतावर किती लीटर पाणी पडले? त्या पावसाला हवामान विभागाच्या भाषेत काय म्हणतात?

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : धुरा वाहणे, तारांबळ उडणे, दगा देणे, डोळे लावून बसणे.

५. उपक्रम : सरळ उभ्या कडांचा एक रिकामा डबा झाडे व छप्पर यांपासून दूर, उघड्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, नोंद करा आणि डबा रिकामा करा. आषाढ महिन्याच्या नोंदींचा तक्ता वर्गात लावा.